किमचीच्या दिवशी आलेला शिपाई

आमच्या तोलबात गावचा सरपंच होणं म्हणजे भोंग्याचा मालक होणं. बाकी अधिकार काही नाहीत. गावच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक खोली आहे, तिथे माइक आहे, आणि गावभर खांबाखांबावर कर्णे आहेत. मी, मा तोकसू, रोज सकाळी त्यातून सांगतो की आज वीज जाणार, खताची गाडी आलीय, किंवा कुणाचा तरी कुत्रा पुन्हा माझ्या मुळ्याच्या वाफ्यात शिरलाय. लोक ऐकतात असं माझं म्हणणं आहे. बायकोचं वेगळं आहे.

त्या वर्षी मात्र माझ्या भोंग्याला सवाई भोंगा मिळाला होता. गावामागच्या डोंगरावर सरहद्दीचं कुंपण आहे आणि कुंपणावर लष्कराचे भोंगे. उत्तरेशी बोलणी चालू असली की ते बंद असतात, बोलणी फिसकटली की सुरू होतात. त्या वर्षी चांगलीच फिसकटली होती. दिवसरात्र पलीकडच्या शिपायांना आमंत्रण चाललेलं: या, दक्षिणेत या, आम्ही तुमचं मनापासून स्वागत करू. अधूनमधून एक मुलगी प्रेमाची गाणी म्हणायची. माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं.

मी बटालियनच्या कर्नल युककडे तक्रार घेऊन गेलो.

"साहेब, इतकं बोलावताय त्यांना. खरंच कुणी आलं तर?"

"आलं तर नियमाप्रमाणे होईल."

"नियम काय आहे?"

"तो गुप्त आहे," कर्नल म्हणाला, आणि मला कॉफी दिली. माणूस वाईट नव्हता. दोन महिन्यांवर त्याची बढती होती आणि तोवर डोंगरावर पानही हलू नये एवढीच त्याची इच्छा होती.

नोव्हेंबरात आमच्याकडे किमजांग असतो, म्हणजे अख्ख्या गावाची वर्षाची किमची घालायचा दिवस. आदल्या दिवशी मिठात घातलेले कोबी धुवायचे, हॉलमध्ये प्लास्टिक अंथरून गोल बसायचं आणि पानापानात मिरचीचा मसाला भरायचा. बटालियन दरवर्षी मदतीला पोरं पाठवते. ती पोरं मसाला भरतात कमी आणि उकडलेलं डुकराचं मटण खातात जास्त, पण आयांपासून लांब आलेली पोरं म्हणून बायका चालवून घेतात.

त्या सकाळी मी बाजारात खारवलेली कोळंबी आणायला गेलो होतो. त्यामुळे सुरुवातीचं मला बायकांनी नंतर सांगितलं, आणि तेही सगळ्यांनी एकदम.

झालं असं. हॉलच्या दारात एक शिपाई येऊन उभा राहिला. गळ्यापासून टाचेपर्यंत चिखल, खांद्याला बंदूक. त्याने टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मी, लोकसेनेचा शिपाई किल सोंगनाम, स्वेच्छेने–"

"उशीर!" आतून बोंगनिम ओरडली. बोंगनिम म्हणजे आमच्या महिला मंडळाची अध्यक्षा. मटणाच्या वाफेने तिच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं आणि तिने मान वर केलीच नाही. "बाकीचे कुठायत?"

"बाकीचं... कुणी नाही. मी एकटाच आलोय."

"एकटा? एवढ्या कोबीला एकटा पाठवला? त्या युकला काही लाज? बूट काढ. आणि ते काय खांद्याला? ती बंदूक बुटांपाशी ठेव, आत नाही आणायची. मसाल्यात पडली म्हणजे?"

"काकू, मी शरण–"

"आधी हात धू."

आता त्याच्या बोलण्याचा हेल उत्तरेचा होता, हे खरं. पण आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा हेल तोच आहे. युद्धाआधी हे खोरं उत्तरेतच होतं. माणसं जागच्या जागी राहिली, देश तेवढा बदलला. त्यामुळे कुणाच्या कानाला काही खटकलं नाही.

सोंगनामने मला नंतर सांगितलं की येताना त्याने सगळ्याचा विचार करून ठेवला होता. गोळी घालतील, बांधून ठेवतील, उलटं टांगून प्रश्न विचारतील, किंवा भोंग्यात सांगतात तसं गळ्यात हार घालतील. हात धुवायला सांगतील, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून त्याने निमूटपणे हात धुतले.

मग बायकांना त्याचे कपडे दिसले. "या चिखलाने मसाला कालवणार का रे?" म्हणून त्याला पडद्यामागे ढकललं, फुलाफुलांची ढगळ विजार आणि फुलाफुलांचं जाकीट चढवलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले. गणवेश कुणीतरी खळबळून काढला आणि मागच्या दोरीवर, मुळ्याचा पाला वाळत घातला होता, त्याच्याशेजारी वाळत घातला.

त्याला बसवलं कुमसोंगच्या आजीशेजारी. आजीचं नाव काय ते आता कुणालाच आठवत नाही. ती मूळची कुमसोंगची, म्हणून कुमसोंगची आजी. आमच्या डोंगरावर चढलं की स्वच्छ दिवशी कुमसोंगकडच्या टेकड्या दिसतात. कुंपणापलीकडे आहेत.

आजीने विचारलं, "घर कुठलं रे, लेका?"

"लांब आहे, आजी."

तो हे अशा आवाजात म्हणाला की तिने पुढचं काही विचारलं नाही. किमचीच्या पानात मटण गुंडाळून एक मोठा घास त्याच्या तोंडात कोंबला. बोंगनिम लगेच पुढे सरकली. "कसा झालाय मसाला? खरं सांग हं."

पोरगं खरंच भाबडं. म्हणालं, "चांगला आहे. पण मिरची फार झालीय. माझी आई रस्सा भरपूर ठेवते आणि पोलॅक मासा घालते. मग किमची अशी गार, फिकी, पिता येईल अशी होते."

बोंगनिमच्या मसाल्याला नावं ठेवणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा होता. पण कुमसोंगची आजी पोट धरून हसायला लागली. "ऐकलंस, बोंगनिम? ऐकलंस? लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय, तर मला म्हणतात, म्हातारे, तुझी किमची म्हणजे कोबीची आंघोळ!" आणि तिने तिथल्या तिथे एक लहान रांजण ओढला. त्या दोघांनी मिळून रश्श्याची, फिकी किमची घालायला घेतली. बोंगनिम तिकडे पाठ करून बसली.

अशा वेळी मी कोळंबी घेऊन पोहोचलो.

दारात रबरी चपलांच्या घोळक्यात बंदूक. मीही दोन वर्षं लष्करात काढलीत, ती आपली बंदूक नव्हती. मागे दोरीवर पाहिलं, तर मुळ्याच्या पाल्याशेजारी एक गणवेश ठिबकत होता आणि त्याच्या पट्ट्यावर तारा होता. शाळेत असताना आमच्याकडून उत्तरेच्या शिपायांची चित्रं काढून घ्यायचे. लाल तोंड, सुळे आणि दोन शिंगं. माझ्या चित्राला एकदा बक्षीसही मिळालं होतं. मी दारातून हळूच आत डोकावलो. फुलाफुलांच्या विजारींच्या गोलात एक अनोळखी विजार होती, आणि डोक्याला टॉवेल गच्च गुंडाळलेला. त्या टॉवेलखाली काय असेल या विचाराने मला घाम फुटला.

मी बुटांसकट माइकच्या खोलीत शिरलो. आधी बटालियनला फोन केला. मग सरपंच म्हणून गावाला सावध करणं माझं कर्तव्य होतं, म्हणून माइक चालू केला.

"गावकऱ्यांनो, कुणीही घाबरू नये. गावात उत्तरेचा एक शिपाई शिरला आहे. तो कुठे आहे ते मी सांगणार नाही, कारण तो हॉलमध्ये आहे. लष्कर निघालं आहे. कोळंबी दारात ठेवली आहे."

बाहेर आलो तर सगळे हात थांबलेले. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि मग सगळ्या मिळून त्याच्याकडे. पोरगं उठून उभं राहिलं. फुलांची विजार, कोपरापर्यंत लाल हात. त्याने टाचा जुळवल्या आणि सकाळपासून अडकलेलं वाक्य शेवटी पुरं केलं. "मी, लोकसेनेचा शिपाई किल सोंगनाम, स्वेच्छेने दक्षिणेच्या आश्रयाला आलो आहे."

"मग हे आधी सांगायचं ना!" बोंगनिम म्हणाली.

"सांगत होतो, काकू."

"जोरात सांगायचं."

"कुंपणापाशी पहाटेपासून जोरातच सांगत होतो. भोंग्यात ती मुलगी म्हणत होती, या, या. मी म्हणत होतो, आलो, आलो. कुणाला ऐकूच जाईना. शेवटी ओढ्याच्या पाइपातून आत आलो आणि धूर दिसला तिकडे चालत सुटलो."

कुमसोंगच्या आजीने त्याची विजार धरून खाली ओढली. "बस. मसाला वाळतोय."

लष्कर आलं ते दोन ट्रक भरून. कर्नल युक पुढे, मागे हेल्मेट घातलेले जवान, बंदुका रोखलेल्या. हॉलला वेढा पडला. कर्नलने दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि बोंगनिम किंचाळली, "बूट!"

आमच्या देशात कितीही मोठा साहेब असो, बूट घालून प्लास्टिकवर पाय टाकून बघावा. कर्नलचा पाय आपोआप मागे गेला. मग ती सगळी पलटण पायरीवर ओळीने बसली आणि नाड्या सोडायला लागली. लष्करी बुटांच्या नाड्या म्हणजे काही गंमत नाही. हॉलमधली माणसं वाट बघत बसली. एका जवानाच्या नाडीला गाठ बसली होती, ती शेवटी सोंगनामनेच उठून सोडवून दिली.

कर्नल मोज्यांवर आत आला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्याने हॉलभर नजर फिरवली. फुलांच्या विजारी, टॉवेल, लाल हात.

"कुठाय तो?"

बायका कोबीत डोकं घालून बसल्या. जवानांच्या तोंडात तोवर एकेक घास गेला होता, त्यामुळे तेही बोलण्याच्या स्थितीत नव्हते. शेवटी पोरगं स्वतःच म्हणालं, "साहेब, मी आहे. तुमच्या जवानाची नाडी सोडून देत होतो तो."

कर्नलने त्याला खालून वर पाहिलं. आधी त्याला हायसं वाटलं, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि चेहरा उतरला. त्याने माझा दंड धरला आणि मला माइकच्या खोलीत नेऊन दार लावलं.

"सरपंच, हा माणूस कुंपणातून आत आला, गावापर्यंत चालत आला आणि माझ्या एकाही जवानाला कळलं नाही. हे वर गेलं तर माझी बढती गेली, कळतंय?"

"कळतंय."

"मग अर्ध्या तासाचं काम आहे. त्याचा गणवेश त्याला घाला. मी त्याला गाडीतून नेतो, कुंपणाच्या फाटकाबाहेर उभा करतो. तो हात वर करून पुन्हा येईल. या वेळी आमचे जवान त्याला रीतसर ताब्यात घेतील. फोटो काढू. सगळं नियमात."

"गणवेश ओला आहे."

"ओला तर ओला."

"आणि फाटकाबाहेर उभा केल्यावर पलीकडून कुणी गोळी झाडली तर?"

कर्नलने घड्याळात पाहिलं. "पटकन उरकू," तो म्हणाला.

आणि बाहेरून, गावातल्या एकेका खांबावरून, मागोमाग आवाज आला: पटकन उरकू... उरकू... रकू.

माइकवरचा लाल दिवा लागलेला होता. मी तो मुद्दाम चालू ठेवला असं बायका आजही कौतुकाने सांगतात. मी नाही म्हणत नाही.

आम्ही दार उघडून बाहेर आलो. सोंगनाम पांढराफटक पडला होता. त्याने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, आणि बोंगनिमला म्हणाला, "काकू, माझे कपडे द्या. परत जायचंच असेल तर माझ्याच कपड्यांत जातो." मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "आम्हाला तिकडे सांगायचे, दक्षिणेवाले हसून बोलावतात आणि मग परत देऊन टाकतात. मला ते खोटं वाटलं होतं."

त्या पोराच्या डोक्याला शिंगं आहेत का ते मी सकाळी चोरून बघत होतो. आता माझी मलाच इतकी लाज वाटली की मी खांबामागे जाऊन उभा राहिलो.

कुमसोंगची आजी उठली. गुडघ्यांवर हात ठेवत दारापर्यंत गेली, पायरीवर कर्नलचे बूट शोधून काढले आणि त्यांवर बसली.

"आजी, उठा," कर्नल म्हणाला.

"नाही."

"हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"देशाच्या सुरक्षेला बूट लागतात होय? मग थांब जरा."

बोंगनिमने दोन जवानांचे बूट मांडीखाली घेतले. मग बाकीच्या बायकाही उठल्या आणि ज्याचे मिळाले त्याचे बूट घेऊन बसल्या. सगळी बटालियन मोज्यांवर. बाहेर थंडी अशी की अंगणातल्या कोबीच्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली.

"मी आठ वर्षांची होते," आजी म्हणाली. "इथे माझी मावशी राहायची. तिच्याकडे किमजांगला मदत करायला आले. चार दिवसांनी परत ये, आई म्हणाली. चार दिवसांत तुमचं युद्ध डोंगरावर येऊन बसलं, आणि ते उठलं तेव्हा मधे कुंपण होतं. मीही किमजांगलाच आले होते रे, युक. मला कुणी म्हणालं नाही की मागे जा आणि रीतसर ये. जाता आलं असतं तर गेलेच असते."

तिने नाक पुसलं, त्यामुळे नाकाला मिरची लागली, आणि ती शिंकायला लागली. आमच्या आजीचं रडणं कधी धड पार पडत नाही.

कर्नल तसाच उभा होता. एक जवान तोंडातला घास गिळून हळूच म्हणाला, "साहेब, इकडे बसा, इथली जमीन खालून तापवलेली आहे. अंगठा गारठेल." कर्नल बसला. बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"मग मी वर काय सांगू?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"आम्ही बोलावत होतो, म्हणून तो आला, असं सांग," आजी म्हणाली. "खरं तेच आहे ना?"

कर्नलने फोन लावला. "साहेब, एक जण आलाय पलीकडून... नाही, कुंपणावर नाही. किमजांगमध्ये... हो, किमची... नाही साहेब, प्यायलो नाही... बंदूक? बंदूक चपलांपाशी आहे." मग खूप वेळ तो नुसतं "हो" म्हणत राहिला. त्याच्या कानाजवळून शिव्या आम्हालाही ऐकू येत होत्या. फोन ठेवल्यावर सोंगनामने एक पान गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. कर्नलने खाल्लं.

दुपारी सोलहून काळ्या गाड्या आल्या. त्या साहेबांचे बूट बिननाडीचे होते, त्यामुळे ते लवकर आत आले. गणवेश अजून ओलाच होता, तेव्हा सोंगनाम त्यांच्या गाडीत बसला तो फुलांच्या विजारीत. आमच्यात किमजांगला हात लावणाऱ्याला वाटा द्यावाच लागतो. आजीने तो फिक्या किमचीचा रांजण गाडीपाशी आणवला.

"हे नेता येणार नाही," सोलचा साहेब म्हणाला. "आधी चौकशी. बरेच महिने लागतील. पुढचं काही सांगता येत नाही."

"नको नेऊ. पण त्याचा आहे तो," आजी म्हणाली, आणि किमची टिकावी म्हणून रांजण हॉलमागे झाकणापर्यंत जमिनीत पुरायला लावला. तो येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं मला भोंग्यावरून सांगावं लागलं.

हिवाळा गेला, वसंत गेला. मी सोलला फोन करून विचारायचो, ते म्हणायचे, ते गुप्त आहे. गावातली पुरुषमंडळी म्हणायची, अरे तो कशाला येतोय, एकदा शहर बघितल्यावर. आजी मात्र रोज हॉलमागे चक्कर मारून रांजणाच्या झाकणावरचा पाचोळा तेवढा झाडायची, आणि ते बघून मला जेवण जायचं नाही.

पुढच्या किमजांगला कर्नल युक मदतीची पोरं घेऊन आला. बढती अर्थातच गेली होती. त्याने बिननाडीचे बूट घेतले होते. आम्ही नुकतेच मसाल्याला बसलो होतो, आणि दारात कुणीतरी उभं राहिलं. अंगाला मोठा होणारा नवा कोट, हातात पोलॅक माशांची जुडी. बूट त्याने न सांगताच काढले होते.

त्याने टाचा जुळवल्या. "मी, किल सोंगनाम, स्वेच्छेने–"

या वेळी सगळे हात थांबले. बोंगनिमने गॅस बंद केला, चष्मा पुसला. बोल म्हणाली, ऐकतोय आम्ही. पण पोराला पुढचं आठवेना. तो नुसता ओठ हलवत उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

कुमसोंगच्या आजीने सरकून शेजारी जागा केली. "किमजांगला आलास ना?"

"हो, आजी. संध्याकाळच्या बसने परत जायचंय. उद्या कामावर जायचंय."

"जा की. बसने जा, आणि पुढल्या वर्षी पुन्हा ये. किमजांगला आलेल्या माणसाला संध्याकाळी घरी जाता आलं पाहिजे." मग तिने त्याच्या हातातली माशांची जुडी घेतली. "आधी हात धू."

मी माइकच्या खोलीत गेलो आणि संध्याकाळच्या बसची वेळ सगळ्या गावाला दोनदा सांगितली. त्या बसने जाणारा तो एकटाच होता.